ब्राह्मण नावाचा वळू



वेळापूरचा मुक्काम हलवून दिंडी भंडीशेगावच्या वाटेला लागली होती. पाऊस नुकताच उघडला होता, आणि एक अभंग संपून दुसरा धरायला थोडा अवकाश होता. अशा मोकळ्या वेळी दिंडीत पुष्कळ गोष्टी निघतात. पायाचे फोड, लेकीची सोयरीक, उसाचे थकलेले बिल. त्या दिवशी मात्र एक प्रश्न असा निघाला की तो मला पंढरपूरपर्यंत पुरला, आणि पुढे घरी आल्यावरही सुटला नाही. तोच भाविक वाचकांपुढे ठेवतो.

विचारणारा तरुण मिरजेकडचा. नोकरीनिमित्त अमेरिकेत टेक्सास प्रांतात असतो. आजोबांची वारी खंडू नये म्हणून रजा काढून आला होता. गळ्यात माळ, बोलणे मऊ. तो म्हणाला,

"बुवा, तिथं ह्यूस्टन शहरात मार्च महिन्यात जनावरांचं मोठं प्रदर्शन भरतं. मित्राबरोबर गेलो होतो. फिरता फिरता एका वळूपाशी पाय थांबले. करडा रंग, हे एवढं वशिंड, गळ्याची पोळी खाली लोंबलेली, कान लांब, डोळे काळेभोर. मला वाटलं, आपल्याच कृष्णाकाठचा बैल कोणी इथं आणून बांधलाय. नकळत हात जोडले. मालक शेजारीच होता. त्यानं साबण लावून वळूचं अंग धुतलं होतं आणि वाऱ्याच्या यंत्रानं केस वाळवत होता. आईनं लेकराचं डोकं पुसावं तसं. माझे हात बघून तो हसला आणि पाटी दाखवली. पाटीवर जातीचं नाव होतं, ब्राह्मण. मी विचारलं, याचं करता काय? तर म्हणाला, याची पोरं मांसाला फार चांगली निघतात."

चार पावले तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "बुवा, मी हात जोडले ते चुकलं का?"

प्रश्न वरवर पाहता साधा आहे. गोमांसाचा विषय निघाला की आपण माळकरी कानांवर हात ठेवतो आणि 'शिव शिव' म्हणून मोकळे होतो. मीही तसेच करणार होतो. पण त्या मुलाने मालकाची निंदा करा असे मला सांगितले नव्हते. त्याने आपल्या हातांबद्दल विचारले होते. म्हणून मी म्हटले, "अरे, मला आधी ते जनावर समजू दे, मग बोलू." त्याने जी माहिती दिली आणि पुढे मी जी मिळवली, ती आधी सांगतो.

हे वळू मूळचे आपलेच. अमेरिकेच्या दक्षिणेकडे समुद्राकाठी ऊन फार, दमटपणा फार, आणि गोचिडांचा सुळसुळाट. युरोपातून नेलेली गुरे तिथे धापा टाकीत, रोगाने मरत. आपल्या देशी गुरांची कातडी सैल, केस आखूड, घाम चांगला येणारा. उन्हात चरायला ती भीत नाहीत. 1854 मध्ये लुइझियाना प्रांतातील रिचर्ड बॅरो नावाच्या शेतकऱ्याला इंग्रज सरकारने दोन हिंदुस्थानी वळू भेट दिले. ऊस आणि कापूस यांची लागवड कशी करावी हे त्याने इंग्रजांच्या माणसांना शिकवले, त्याची ती बिदागी होती. पुढे 1906 मध्ये टेक्सासच्या एका मोठ्या कुरणमालकाने हिंदुस्थानातून आणखी जनावरे नेली, आणि नंतर काही ब्राझीलमार्गे गेली. सगळी मिळून तीनशेहून कमीच, आणि त्यांत बहुतेक वळू. एवढ्या मूठभर बियाण्यावर तिथल्या गायी पिढ्यान् पिढ्या लावीत नेऊन एक नवी जात उभी केली. 1924 मध्ये पैदासकारांनी संघ स्थापला, तेव्हा त्यांच्यातल्या सार्टवेल या गृहस्थांनी तिला 'ब्राह्मण' हे नाव दिले.

या जातीत हिंदुस्थानच्या चार गोवंशांचे रक्त सांगतात. काठेवाडचा गीर, गुजरातचा कांकरेज, आंध्रातील नेल्लोरकडचा ओंगोल आणि चौथा कृष्णाखोऱ्याचा. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा या नद्यांच्या काळ्या चिकट रानात नांगर ओढायला भारी अंगाचा बैल हवा, म्हणून दक्षिण महाराष्ट्रातील संस्थानिकांनी गेल्या शतकाच्याही मागे ही जात घडवली होती. म्हणजे त्या मुलाला मिरजेचा बैल आठवला तो भास नव्हता. त्याने ओळखीच्यालाच हात जोडले होते.

आता हा धंदा चालतो कसा ते पाहू. तिथे दोन प्रकारचे गोपालक असतात. एक सामान्य कळपवाला. तो वासरे वाढवतो आणि मांसासाठी विकतो. दुसरा बीज राखणारा. तो कळपवाल्यांना वळू पुरवतो. प्रदर्शनातला मालक हा दुसऱ्या प्रकारचा. त्याच्याकडे वासरू जन्मले की त्याच दिवशी वजन होते. सुमारे सात महिन्यांनी आईपासून तोडताना दुसरे वजन, वर्षाचे झाले की तिसरे. यंत्राने कातडीवरूनच आतले मांस किती आणि त्यात चरबी कशी पसरली आहे ते मोजतात. आताशा रक्ताची किंवा केसांची परीक्षा करून वंशगुणही पाहतात. हे सारे आई, बाप, आजा, भावंडे यांच्या नोंदींशी ताडून प्रत्येक वळूच्या नावापुढे आकडे लिहितात. याची होणारी वासरे जन्मताना सरासरीपेक्षा किती हलकी असतील, म्हणजे गाय अडणार नाही. वर्षाला किती भारी भरतील. मांस कसे निघेल. जे अजून जन्मलेच नाहीत त्यांच्या वजनाचा अंदाज बापाच्या कपाळी लिहिलेला असतो.

या परीक्षेत जे गोऱ्हे उतरत नाहीत त्यांना खच्ची करून मांसाच्या कळपात धाडतात. उतरलेला खोंड दीड-दोन वर्षांचा झाला की पशुवैद्य त्याचे वीर्य तपासतो, पाय पाहतो, डोळे पाहतो, मग लिलाव. घेणारा कळपवाला त्याला पंचवीस-तीस गायींत सोडतो. चार-पाच वर्षे त्याचे काम. तेवढ्यात शंभराच्या वर वासरे. त्यातले बहुतेक गोऱ्हे दोन वर्षांचे व्हायच्या आत कापले जातात. आणि वळू थकला, लंगडा झाला किंवा त्याच्याच लेकी कळपात माजावर येऊ लागल्या की त्यालाही विकतात. इतर खरेदीदार न मिळाल्यास त्याचे मांस निबर, म्हणून ते दळून वापरतात.

वाचकांना हे वाचणे जड जात असेल. मलाही लिहिणे जड गेले. पण न पाहता निवाडा करणे हे जाजली ऋषीसारखे होईल, म्हणून सांगितले. त्यांची गोष्ट पुढे येईल.

या व्यवहारात मला सर्वांत विचित्र वाटली ती एक गोष्ट. टेक्सासमधील टॉम लॅसेटर नावाच्या एका नामांकित पैदासकाराने ब्राह्मण आणि दोन विलायती जाती यांच्या मिश्रणातून आपली वेगळी जात काढली. वळू निवडताना सहाच गुण पाहायचे असा त्याचा दंडक होता, आणि त्या सहांत स्वभाव हा एक. जनावर गरीब हवे, माणसावर धावणारे नको. ब्राह्मण जातीचा एक मूळपुरुष मानला जाणारा वळू होता, त्याचे नावच मान्सो. स्पॅनिश भाषेत त्याचा अर्थ गरीब स्वभावाचा. आजच्या नोंदलेल्या ब्राह्मण गुरांतील फार मोठा भाग त्याच्या वंशातला आहे. पिढ्यान् पिढ्या निवडून निवडून त्यांनी जनावरात विश्वास पेरला. माणूस जवळ आला की हे जनावर मान पुढे करते. आणि त्याच विश्वासाने ते शेवटच्या फाटकातूनही आत जाते.

तरी मालकाचे प्रेम खोटे, असे मला म्हणवत नाही. गाय अडली म्हणजे तो थंडीत रात्री दोन वाजता कोपरापर्यंत हात घालून वासरू ओढतो. ते वाचले तर त्याला आनंद होतो, मेले तर तो जेवत नाही. हे मी त्या मुलाच्या तोंडून ऐकले, आणि आपल्या इकडच्या शेतकऱ्याकडे पाहून त्यावर विश्वास ठेवला. हात तेच, रात्र तीच. केवळ पैशासाठी म्हणावे तर पैसा मिळवायचे याहून सोपे मार्ग तिकडे पुष्कळ आहेत.

मग दोष कुठे? त्या मालकाला विचारले तर तो दोन उत्तरे देतो म्हणे. पहिले असे की, आम्ही मांस खातो म्हणून हे जनावर जन्माला येते. न खाऊ तर ते जन्मणारच नाही. याला जगण्याची संधी आम्ही दिली. दुसरे असे की, सारे आयुष्य हिरव्या कुरणात, वाईट दिवस एकच.

पहिले उत्तर ऐकायला चोख वाटते. पण त्यात एक गफलत आहे. जो जन्मलाच नाही त्याचे काही बुडत नाही. तो कुठेही दाराबाहेर रडत उभा नसतो की मला जन्माला घाला. पण जो जन्मला तो समोर आहे, त्याला भूक आहे, भय आहे, आईची ओढ आहे. जन्म देणे ही खरेदी असती तर प्रत्येक बापाला मुलाच्या जिवावर हक्क मिळाला असता. आपण उलट मानतो. ज्याने जन्म दिला त्याच्यावर बोजा येतो, म्हणून तर बाप कर्ज काढून लेकराला वाढवतो. दुसऱ्या उत्तरात मात्र थोडे तथ्य आहे, ते मी नाकारीत नाही. कोंडवाड्यात सडणाऱ्या जनावराहून कुरणात चरणारे जनावर सुखी, हे उघड आहे. पण बऱ्या वागवण्याने शेवटचा दिवस फिटतो का? मला तरी तो हिशेब जुळत नाही. माउलींनी तेराव्या अध्यायात अहिंसेचा जो विस्तार केला आहे, त्यात त्यांनी अशाच जुळवाजुळवीची थट्टा केली आहे. झाडाच्याच फांद्या तोडायच्या आणि त्यांचे कुंपण करून झाड राखले म्हणायचे. सातशे वर्षांहून अधिक काळापूर्वीचा तो दृष्टांत वाचून मला टेक्सासचे कुरण दिसले.

मग त्या वळूवाल्याला पापी म्हणून मोकळे व्हावे काय? इथे महाभारतातला धर्मव्याध आडवा येतो. मिथिलेच्या बाजारात मांस विकणारा तो. तपाने गर्विष्ठ झालेल्या कौशिक ब्राह्मणाला धर्म शिकण्यासाठी त्याच्याच दुकानावर जावे लागले. व्याध स्वतः मारीत नसे, स्वतः खात नसे, पण विकत असे. कित्येक जण ही कथा सांगताना म्हणतात की, पाहा, स्वधर्म म्हणून केले की मांस विकणेही शुद्ध होते. मूळ कथेत तसे नाही. व्याध स्वतःच कबूल करतो की आपला धंदा घोर आहे. त्याला गोड नाव देत नाही, दया म्हणत नाही, उपकार म्हणत नाही. त्याच ओघात तो कौशिकाला असेही सांगतो की नांगराच्या फाळाखाली किती जीव मरतात ते पाहा, मग मला हिंसक म्हणा. टेक्सासच्या मालकात आणि व्याधात फरक मला दिसतो तो इथे. मालक आपल्या कामाला कुंपणाचे नाव देतो, व्याध फांदी तोडली म्हणून सांगतो.

आणि आता जाजली. जटांत पाखरांनी घरटे केले तरी न हललेला तो तपस्वी, आपल्याएवढा धर्म कोणी जाणत नाही असे समजून बसला होता. त्याला काशीच्या तुलाधार वाण्याकडे जावे लागले. शांतिपर्वातील त्या संवादात तुलाधार त्याला सुनावतो ते आम्हा शेतकऱ्यांना झोंबणारे आहे. बैलाला खच्ची करणे, त्याचे नाक टोचून वेसण घालणे, बांधून ओझी ओढायला लावणे, हे करणाऱ्यांना तो दोष देतो. कसायाचा तिथे प्रश्नच नाही, तो आपल्या दावणीविषयी बोलतो आहे.

म्हणून आपल्या दावणीकडे वळतो.

पूर्वी गावोगाव सोडलेला पोळ असे. घरातला कर्ता गेला की त्याच्या नावाने उत्तम लक्षणांचा खोंड डागून सोडीत. त्यालाच वृषोत्सर्ग म्हणतात. त्या दिवसापासून तो कोणाचाच नाही. कोणाच्याही शेतात तोंड घालो, हुसकावतील पण मारणार नाहीत. गावच्या गायी त्याच्यापासून फळत. त्याची किंमत होत नसे, कारण विकायला मालकच नाही. फळ देवावर सोडायचे, हे गीतेचे वचन शेतकऱ्याने वळूच्या रूपाने गावात फिरवले होते. नुकसान होई हेही खरे, आणि पोळाच्या पायी गावात भांडणेही झाली. पण पैदाशीचे जे काम टेक्सासमध्ये वजनकाटा करतो ते आपल्याकडे मेलेल्या बापाची आठवण करीत असे.

तो पोळ आता दिसत नाही. गाय माजावर आली की डॉक्टर येतो आणि इंजेक्शन भरून जातो. आता तर बहुतेक कालवडच जन्मावी अशा निवडलेल्या वीर्याच्या कांड्याही सरकारी योजनेतून मिळतात. म्हणजे आम्हीही जन्माआधीच हिशेब करू लागलो. यात नुसते वाईटच आहे असे मी म्हणत नाही. नको असलेला गोऱ्हा जन्माला घालून उपाशी मारण्यापेक्षा तो न जन्मणे बरे, हे वर मीच म्हटले आहे. पण गोऱ्हा नकोसा झाला हे तर खरे?

ज्या कृष्णाखोऱ्याच्या बैलाचे रक्त समुद्रापार पसरले, तो आपल्या घरी फार थोडा उरला आहे. ट्रॅक्टर आला, भारी बैलाचे काम गेले, आणि काम गेल्यावर आम्ही त्याला वैरण घालणे सोडले. त्याला कोणी परक्याने येऊन मारले नाही. बेंदराला शिंगे रंगवली, खांदमळणी केली, पुरणपोळी भरवली, आणि पुढच्या बेंदराला दावण रिकामी. मला हे लिहिताना लाज वाटते, पण हाच बैल कापणारांनी त्याचे बीज राखले आणि पुजणारांनी घालवले. त्यामुळे कापणे बरोबर ठरत नाही. पुजणे मात्र तपासून पाहावे लागते.

महाराष्ट्रात गाय मारण्यास 1976 च्या कायद्याने बंदी होती. 2015 च्या मार्चपासून वळू आणि बैल यांनाही ती लागू झाली. बंदीचे मी स्वागतच केले होते. पण 2019 च्या पशुगणनेत एक गोष्ट दिसली. 2012 पासूनच्या सात वर्षांत साऱ्या देशात गायी सुमारे 18 टक्क्यांनी वाढल्या, आणि त्यांचेच भाऊ, म्हणजे नर, सुमारे 30 टक्क्यांनी घटले. गाय व्याली तर कालवड आणि गोऱ्हा सारखेच जन्मतात. मग गोऱ्हे गेले कुठे? सारेच सुरीखाली गेले असे नव्हे. कोणी आईचे दूध तोडून आठ दिवसांत मरू दिले, कोणी रात्री टेम्पोत घालून दुसऱ्या गावच्या शिवेवर सोडले, कोणी हेड्याच्या हाती दोरी दिली आणि पाठ फिरवली. गोशाळा आहेत, पांजरपोळ आहेत, तिथे पुण्यवान माणसे राबतात. पण त्यांच्या गव्हाणी मोजक्या आणि वैरणीला वर्गणी अपुरी, हे तिथे गेलेला कोणीही सांगेल. शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. ज्याला स्वतःच्या मुलाची फी भरता येत नाही त्याने बिनकामाचे चार गोऱ्हे पोसावे, असे शहरात बसून म्हणणाराने आधी त्यातल्या एकाची वैरण पाठवावी.

आणि दूध कोण पितो? आपणच. वारीतला चहा, गोपाळपूरच्या काल्याचे दही, एकादशीचे दूध. मांस शिवत नाही म्हणून मी स्वतःला स्वच्छ समजत होतो. दुधाची गाय विते तेव्हाच दूध देते, आणि दर दोन वेतांत एक गोऱ्हा असतो, हे शाळेतल्या पोरालाही कळणारे गणित मी साठ वर्षे केले नाही. आपल्या भजनातला मृदंग घ्या. त्याच्या पुड्या कातड्याच्या, वाद्या कातड्याच्या. ते कातडे कमावणारांना आणि मेलेले ढोर ओढणारांना आपण वेशीबाहेर ठेवले. चोखोबांची समाधी महाद्वाराच्या बाहेर आहे. ढोर ज्याच्या गोठ्यात मेले तो सोवळा राहिला आणि ओढून नेणारा ओवळा झाला. मांस विकणारा, विकत घेणारा, शिजवणारा, वाढणारा, खाणारा हे सारे मारणाराच्याच पंक्तीत बसतात असे मनुस्मृतीत सांगितले आहे. त्या पंक्तीत 'पाठ फिरवणारा' घातला असता तर मला कुठे बसावे लागले असते, या विचाराने मला झोप लागली नाही.

याला कारण आहे. 1972 च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. घरी पाखऱ्या नावाचा खिल्लार बैल होता, माझ्याहून वयाने थोडाच लहान. कडबा संपला, उसाचे वाढे संपले, शेवटी घराच्या छपराचे गवतही उपसून घातले. कार्तिकीला वडील त्याला घेऊन पंढरीच्या जनावर बाजारात गेले, मीही गेलो. पाखऱ्याचे दात झिजलेले. औताचा गिऱ्हाईक कोणी हात लावीना. संध्याकाळी एक हेडी आला, रुमालाखाली बोटे दाबली गेली, सौदा ठरला. वडिलांनी पाखऱ्याच्या गळ्यातली घाट सोडून घेतली. तेव्हा मी विचारले, "आबा, हा कुणाच्या औताला जाणार?" ते म्हणाले, "पांडुरंगाला ठाऊक." ते माळकरी होते, खोटे बोलत नसत. आज मला वाटते, आयुष्यात त्यांनी पांडुरंगाचे नाव आडोशाला घेतले ते त्या एकाच वेळी. त्या पैशातून ज्वारी आली. ती आम्ही खाल्ली, मी खाल्ली. ती घाट अजून आमच्या देवघरात आहे आणि आरतीला मी तीच वाजवतो.

भंडीशेगावच्या मुक्कामी, जेवणे झाल्यावर, मी त्या मुलाला हे सारे सांगितले. म्हटले, "बाळा, हात जोडलेस ते चुकले नाही. त्या जिवात जो आहे तो टेक्सासात गेला म्हणून बदलत नाही. नाथांनी तहानेल्या गाढवाला गंगा पाजली तेव्हा गाढव कोणाच्या मालकीचे आणि उद्या त्याच्यावर कोण ओझे लादणार, हे विचारले नव्हते. पण त्या मालकाला मी काही सांगावे, एवढा माझा हात स्वच्छ नाही."

तो म्हणाला, "मग बुवा, मी काय करू? तिथं जाऊन दूधही सोडू?"

मी म्हटले, "ते मी कोणत्या तोंडाने सांगू? मी सोडलेले नाही. मी एक करणार आहे. आमच्या गोठ्यात दोन गायी आहेत. त्यांचा गोऱ्हा झाला तर तो विकायचा नाही, म्हातारा होऊन मरेपर्यंत सांभाळायचा, असे मुलाला आणि सुनेला विचारून ठरवीन. दोघे नको म्हणाले तर एक गाय कमी करावी लागेल, आणि घरात दूध कमी येईल."

"आणि ती कमी केलेली गाय कुठं जाईल?"

मला उत्तर सुचले नाही. शेजारी वळकटीवर टेकलेल्या एका माउलीने ऐकले होते, तीही काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी वाखरीच्या अलीकडे एका झाडाखाली एक बैलगाडी सुटलेली दिसली. हल्ली दिंड्यांचे सामान ट्रकमध्ये असते. पण मंगळवेढ्याकडचा एक म्हातारा अजून स्वतःच्या गाडीतून आपल्या दिंडीचे सामान आणतो. बैल जोडी पांढरीशुभ्र, शिंगे आकाशाकडे. येणारा-जाणारा वारकरी त्यांच्या पायाला हात लावून पुढे जात होता. आमचा मुलगाही थांबला, हात जोडले, मग म्हाताऱ्याला विचारले, "आजोबा, हे थकले म्हणजे?"

"थकले तरी घरीच. यांच्या आधीची जोडी माझ्याच बांधावर पुरलीय," म्हातारा म्हणाला.

"आणि यांचे भाऊ? याच गायीचे दुसरे गोऱ्हे?"

म्हाताऱ्याने गवताची पेंढी सोडून दोघांपुढे सारखी टाकली. "तीन होते," तो म्हणाला, आणि बादली घेऊन पाणी आणायला गेला.